खड्याचा तुकडा हवा

वसई-विरार पट्ट्यातले आईवडील मुलाची सोनोग्राफी घेऊन येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : फाडावं लागेल का? नाही लागत. पाठीतून, कमरेच्या वर, पाचेक मिलिमीटरची वाट करायची, तिथून दुर्बीण मूत्रपिंडात न्यायची, लेसरने मुतखडा फोडायचा आणि तुकडे त्याच वाटेने काढायचे. बारीक खड्याला इतर उपाय आहेत. मोठ्याला हीच वाट सोयीची.

१९७६ साली स्टॉकहोममध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी या वाटेने खडे काढून दाखवले. मोठ्यांसाठी ही वाट आठ-दहा मिलिमीटरची असे. पण बारा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त लिटरभरसुद्धा नसतं. मोठ्या माणसाला सहज सोसेल एवढा रक्तस्राव त्याला जड जातो. म्हणून मुलांसाठी हत्यारं बारीक होत गेली. आमच्याच रेल्वेमार्गावर, उत्तरेला नडियादला, डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी जेमतेम दीड मिलिमीटरच्या सुईतून, आत पाहत पाहत खडा फोडण्याचं तंत्र वापरलं आणि २०११ साली त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरीही मी दर वेळी सगळ्यात बारीक वाट निवडत नाही. आत सोडलेलं सलाइन बाहेर यायला जागा लागते. ती नसली की मूत्रपिंडातला दाब चढतो, आणि तिथे जंतू असतील तर ते रक्तात शिरतात. सलाइन कोमटच हवं, नाहीतर मूल टेबलावर गार पडतं. भूलतज्ज्ञाची एक नजर कायम थर्मामीटरवर असते. आणखी एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. सुईतून फोडलेल्या खड्याची भुकटी होते आणि ती लघवीवाटे निघून जाते. मला हातात तुकडा हवा असतो. चार वर्षांच्या मुलाला खडा झाला, तर तो का झाला हे कळलंच पाहिजे. पुढचं सगळं आयुष्य त्याला त्याच मूत्रपिंडावर काढायचं आहे.

इथे बहुतेक घरांत दोष बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्याला दिला जातो. पाणी कसलं, यापेक्षा ते पोटात किती जातं, हे मी आधी विचारतो. शाळेतलं संडास नको वाटतं म्हणून मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत. बाटली भरलेली जाते, भरलेली येते. शिवाय वेफर्स, सुकी मासळी, लोणचं : मीठ वाढलं की लघवीतलं कॅल्शियमही वाढतं. घाबरून दूध बंद करणाऱ्या आयांना मी कळकळीनं सांगतो, ताई, दूध द्या. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते कमी पडलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं.

मग तुकडा प्रयोगशाळेत जातो, चोवीस तासांची लघवी तपासली जाते. लहान मुलाकडून ती गोळा करणं आईची परीक्षाच, पण बहुतेक आया ती नेटाने करतात. अहवालात सिस्टीन आलं तर तो दोष जन्मजात असतो. अशा मुलाला रात्री उठवूनही पाणी पाजावं लागतं, आणि त्याच्या भावंडांची लघवी मी त्याच आठवड्यात मागवतो.