कारहुणवीचा बैल

आमच्या भालकीच्या घरी संगणक आला तो १९९९च्या दसऱ्याला. अण्णांनी निवृत्तीनंतर जपून ठेवलेल्या पैशांतून घेतलेला. पस्तीस वर्षे खडूने हात पांढरे करणाऱ्या अण्णांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, आईने हळदकुंकू वाहिले.

आत इंटेलचा सेलेरॉन ३००ए होता. ऑगस्ट १९९८मध्ये निघालेल्या या प्रोसेसरची कीर्ती गुलबर्ग्याच्या (आताच्या कलबुर्गीच्या) कॉलेजात माझ्या कानी आली होती. हिशोब सोपा. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, त्याला साडेचारने गुणले की ३००. गुणक कंपनीने कायमचा पक्का केलेला. पण बसचा वेग जंपर हलवून १०० करता येई. शंभर साडेचार ४५०! त्याच महिन्यात आलेल्या महागड्या पेंटियम टूचा वेग, तोही फुकटात. जगभरची पोरे हा उद्योग करीत होती. मीही केला.

हिवाळाभर यंत्र बिनतक्रार पळाले. संध्याकाळी अण्णा शेजारी बसून आठवणी सांगत, मी टाइप करी. निजामाच्या अमलातली उर्दू शाळा, १७ सप्टेंबर १९४८चा दिवस, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेल्यावर नव्याने गिरवलेली कानडी अक्षरे... बासष्ट पाने झाली.

एप्रिल उजाडला, पारा चाळिशीपार गेला. घड्याळाच्या एका ठोक्यात सुरू झालेले काम पुढच्या ठोक्याआधी संपावे लागते. वेग वाढवला की चिप अधिक तापते, आणि तापली की मंदावते. ठोके मात्र थांबत नाहीत. मग चुका होतात. एका दुपारी फाइल साठवतानाच पडदा निळा झाला. पुन्हा उघडली तर बासष्ट पानांच्या जागी नुसत्या चौकटी आणि खुणा. फ्लॉपीवर प्रत घ्यायचा मी आळस केला होता.

अण्णांना खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत.

"कारहुणवीला आपण बैल पळवतो रे," ते म्हणाले, "पण एक दिवस. रोज तसंच पळवलं तर पेरणीला औताला कोण जुंपायचं?"

मी जंपर पुन्हा ६६वर आणला. अण्णांनी दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही काढली आणि स्वतःच लिहू लागले. पण दुसऱ्यांदा सांगताना माणूस आटोपते घेतो. वही चाळीस पानांतच संपली. उर्दू शाळेत चोरून मराठी बाराखडी शिकवणाऱ्या मास्तरांचे नाव तीत नाही. मी ते एकदा टाइप केले होते, एवढेच आठवते.

आता विचारायला अण्णा नाहीत. कामे आजही वेगाने उरकतो. पण घरात कुणी जुने सांगू लागले की हातातले बाजूला ठेवतो आणि वही उघडतो.