जोंगाचे पोलाद, अल्टोचा पत्रा

जबलपूरच्या रस्त्यावर एखादी जुनी जोंगा दिसली, की जाणती माणसे आजही थांबून पाहतात. त्यात नवल नाही. तिच्या नावातच हे शहर दडले आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांतून ‘जोंगा’ हे नाव घडले. मूळ आराखडा 1960च्या निस्सान पॅट्रोलचा : सहा सिलिंडरांचे, जवळपास चार लिटरचे इंजिन, शिडीसारखी पोलादी चौकट, जाड पत्रा. सैन्याच्या लिलावांतून यांतल्या काही नागरिकांकडे आल्या. शेजारी एक लिटर इंजिनाची आजची अल्टो उभी केली, तर ती खेळण्यासारखी भासते. ‘अधिक सुरक्षित कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर पाहणाऱ्याने मनात आधीच दिलेले असते.

पदार्थविज्ञान या उत्तराला सहजी मान डोलावत नाही. धडकेत गाडी थांबते तेव्हा तिची गतिज ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावीच लागते. थांबण्याचे अंतर दुप्पट झाले, तर सरासरी बल निम्म्यावर येते. गाडीचे नाक चुरगळते म्हणजे आतल्या माणसाला हेच अंतर मिळते. मर्सिडीजचे अभियंते बेला बॅरेन्यी यांनी 1950च्या दशकारंभीच ही कल्पना मांडली : पुढचा-मागचा भाग मऊ, मधली कोठी कणखर. जोंगाची चौकट ओझे आणि खडकाळ वाटा सोसण्यासाठी घडली. मोडून माणूस वाचवणे हे तिचे कामच नव्हते.

2009 मध्ये अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने 1959ची शेवरले बेल एअर आणि 2009ची शेवरले मालिबू ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. दोघींची वजने जवळपास सारखी. जुन्या गाडीची कोठीच कोसळली, स्टिअरिंग चालकाच्या अंगावर आले. मालिबूतील पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा नोंदली गेली.

अर्थात, वजनाचा न्याय निराळा. जोंगा आणि अल्टो एकमेकींवर आदळल्या, तर वेगातला मोठा बदल हलक्या गाडीच्याच वाट्याला येतो. तिथे छोटीचे शहाणपण थिटे पडू शकते. पण झाडावर, भिंतीवर आदळताना समोरच्याला ढकलून देण्याची ही सोय जड गाडीलाही नसते.

तरीही गॅरेजमध्ये जुनाच निवाडा चालतो. जोंगाचा वाकलेला बंपर हातोडीने सरळ होतो आणि ती त्याच संध्याकाळी घरी जाते. अल्टोचा मालक मात्र चुरगळलेल्या नाकाकडे पाहून कंपनीच्या नावाने बोटे मोडत बसतो, स्वतःच्या शाबूत गुडघ्यांवर उभा राहून.