माझी चित्रसंस्था

माझ्या मालकीची एक चित्रसंस्था आहे. ती हॉलिवूडमध्ये आहे. दहा-बारा नटनट्या, चार दिग्दर्शक आणि दोन झाडूवाले तिथे नोकरीस आहेत, आणि तिची तिजोरी आमच्या घरच्या कपाटापेक्षा पुष्कळच भरलेली असते. हे सांगितले की स्टाफरूममधील मंडळी चहाचा कप खाली ठेवतात. मग ‘संगणकावरचा खेळ’ एवढे शब्द मी पुढे जोडते आणि कप पुन्हा तोंडाला लागतात.

खेळाचे नाव ‘द मूव्हीज’. इंग्लंडमधील लायनहेड नावाच्या संस्थेने तो २००५ साली काढला. ती संस्था २०१६ मध्ये बंद झाली. माझी मात्र अजून चालू आहे! भाच्याने जुन्या तबकड्यांच्या ढिगातून हा खेळ आमच्या मुलीला दिला. ती दोन दिवसांत कंटाळली, आणि लेकीचा वारसा आईकडे आला.

आरंभी १९२० च्या सुमाराचे एक मोकळे आवार मिळते. तिथे नाट्यशाळा उभारायची, की दाराशी उमेदवारांची रांग लागते. यातील कुणालाही माउसने अलगद उचलायचे आणि हव्या त्या खोलीत सोडायचे. लेखनगृहात सोडला तो लेखक, रंगमंचावर सोडली ती नटी, आणि बांधकामाच्या खोलीत सोडला तो सुतार. एम. ए. होऊन वीस वर्षे झाली तरी आपण नक्की कोण झालो, हे ज्यांना उमगलेले नाही, त्यांना या माणसांचा हेवाच वाटावा. प्रथम मूकपट, मग बोलपट, मग रंग. संशोधकांवर पैसा ओतत गेले की एकेक शोध हाती लागतो. रेडिओवरचा निवेदक जगाच्या बातम्या सांगतो, त्याबरोबर लोकांची रुची पालटते, आणि काल चाललेली प्रेमकथा आज कुणी पाहीनासे होते.

खरा पेच पडतो तो माणसांचा. नटीला पगार वाढवून हवा, मोठा फिरता बंगला हवा, मागेपुढे हुजरे हवेत. कामाचा ताण आला की ती पिण्याकडे वळते, नाहीतर खाण्याकडे. मग व्यसनमुक्तीसाठी तिला पाठवा. तोवर चित्रण खोळंबते. आणि या सगळ्यात ती म्हातारी होत असते. खेळात शल्यक्रियेचे एक केंद्र आहे. तिथे नेऊन सोडली की चेहरा तरुण करून परत येते.

माझी पहिली नायिका अशीच पिकत चालली. मुलगी म्हणाली, “आई, तिला सर्जरीला टाक, नाहीतर काढून टाक.” किती सहज म्हणाली! मी चव्वेचाळीस वर्षांची. माझ्या कानशिलावरचे पांढरे केस तिच्या समोरच होते. मी नायिकेला उचलले आणि दिग्दर्शकाच्या खोलीत सोडले. नव्या कामात ती अगदीच कच्ची. पहिला चित्रपट साफ आपटला. मुलीने तिजोरीच्या आकड्याकडे बोट दाखवले. मी दुसरा चित्रपटही तिलाच दिला.

खऱ्या हॉलिवूडमध्ये असे लाड नव्हते. तिथल्या जुन्या कंपन्या नटांना सात वर्षांच्या करारात बांधून ठेवीत, आणि एखादीने भूमिका नाकारली तर तेवढा काळ तिला बिनपगारी बसवून तो कराराच्या शेवटाला जोडीत. ऑलिव्हिया डी हॅविलंड हिने वॉर्नर ब्रदर्सवर दावा लावला, आणि १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने निकाल दिला की सात वर्षे म्हणजे पंचांगातली सात वर्षे. माझ्या खेळात न्यायालय नाही. रुसलेली नटी फार तर निघून जाते. आणि खेळणाऱ्यांपैकी काहींनी यातली बाहुली माणसे भलत्याच गंभीर कामाला लावली. २००५ च्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये दंगली उसळल्या, तेव्हा अॅलेक्स चॅन या तरुणाने याच खेळातून तेरा मिनिटांचा चित्रपट केला आणि उपनगरांतील पोरांची बाजू मांडली. मला ते जमायचे नाही. माझे लक्ष सारखे सुतारांकडे जाते.

त्याला कारण आहे. माझे आजोबा पुण्यात ‘प्रभात’मध्ये सुतार होते. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. तिथे नटापासून रंगाऱ्यापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर. आजोबांना सिनेमाचे कौतुक बेताचेच. ‘संत तुकाराम’ व्हेनिसला गाजला, याचा अभिमान आजीला. आजोबा सांगत ते फत्तेलालांच्या नजरेविषयी. तासलेली फळी हाताने चाचपून न पाहता, दुरून नुसती बघूनच ते चूक काढीत, म्हणे. १९४२ साली शांताराम बाहेर पडले, आणि पुढे दहा-अकरा वर्षांत, १९५३ मध्ये, कंपनी बंदच झाली. आजोबा हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन घरी आले. घरात खाणारी तोंडे सात. त्यांनी मग लोकांच्या खिडक्या-दारे, शाळांची बाके केली. कुठल्याशा कॉलेजची व्यासपीठेही. १९६० साली त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. आम्ही तिच्यावरून जायचो, तेव्हा ते रस्त्याची दुसरी बाजू धरीत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही, आणि विचारायचे आम्हालाही सुचले नाही.

म्हणून मुलीचा आणि माझा वाद होतो. खेळात नवे बांधकाम नसेल तेव्हा सुतार आवारात नुसते हिंडतात आणि पगार मात्र चालू असतो. हिशेबी मालक त्यांना कमी करतो. माझ्याकडे सध्या पाच आहेत, काम दोघांपुरते. परवा मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, “आई, हे तिघे काय करतात गं?”

“फिरतात,” मी म्हटले, आणि नायिकेच्या तिसऱ्या चित्रपटासाठी एक वाडा बांधायला काढला. त्याची कथेत तशी काही गरज नव्हती.