राहिलेले आभारप्रदर्शन

कोणत्याही समारंभात आभारप्रदर्शनासाठी उभे राहणाऱ्या माणसाची आम्हांला नेहमीच दया येते. तो ध्वनिक्षेपकापाशी पोहोचेपर्यंत अर्धी सभा उठलेली असते आणि उरलेल्या सभेला चहाचा वास आलेला असतो. इंटरनेटवरील प्रदर्शनात तर तेवढेही नशिबी नसते. तिथे सभा नाही, समारोप नाही, चहाही नाही. आम्हां चौघांचे आभार मानायचे राहून गेले ते त्यामुळेच, अशी आम्ही स्वतःची समजूत घालीत आलो. खरे कारण वेगळे आहे आणि त्यावर येण्यापूर्वी ऋणाची यादी सांगितली पाहिजे.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला. मधल्या काळात मिस्सा पडद्यावर पाहायची. पण रोझरी मात्र घरातच, भिंतीवरच्या त्या जुन्या चौकटीपुढे. आमच्या वसईकडील घरांतून अशा चौकटी तीन-तीन पिढ्या टांगलेल्या आहेत. २०१८ च्या जुलैत पाणी भरले तेव्हा त्यांतल्या कित्येक भिजून गेल्या, ही रुखरुख मनात होतीच. तेव्हा धर्मग्रामातील घरोघरची चित्रे इंटरनेटवर एकत्र मांडावीत, असे आमच्यापैकी एकीच्या मनात आले, आणि ८ सप्टेंबर, पवित्र मरियेचा जन्मोत्सव, हा दिवस ठरला.

छायाचित्रे मागविली आणि आली ती सगळी चमकणाऱ्या काचांची! येशूच्या पवित्र हृदयाच्या जागी मोबाइल धरलेला हात आणि मागची खिडकी. तेव्हा एका निवृत्त छायाचित्रकार काकांनी फोनवरून शिकवणी घेतली. चौकट दाराशी आणा, फ्लॅश बंद ठेवा, फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी काळी साडी ताणून धरा, म्हणजे काचेत काहीच दिसणार नाही. काच मात्र काढू नका. पावसाळ्यात ओल धरलेला कागद काचेला चिकटलेला असतो; काच निघेल तसे चित्रही निघेल. त्या महिन्यात धर्मग्रामातील किती काळ्या साड्या कपाटांतून बाहेर आल्या असतील, देव जाणे. त्या ताणून धरणाऱ्या हातांचेही आभार.

पुढची अडचण व्हॉट्सअॅपची. त्यावरून सरळ पाठवलेला फोटो वाटेत आकसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर अखंड पोहोचतो. हे प्रत्येक घराला समजावून देण्याचे काम सातवी-आठवीतल्या मुलांनी केले. पाने रचली ती एका मुलीने, दिवसभर कचेरीचे काम घरून आटोपल्यावर, रात्री. प्रमुख धर्मगुरूंनी मजकूर तपासताना तीन संत जोसेफ पुन्हा संत अंतोनी केले. दोघांच्याही हाती लिली आणि कडेवर बाळ येशू. पण दाढीचा तो जोसेफ आणि तपकिरी झग्यातला तरुण संन्यासी तो अंतोनी, एवढे आम्हांला कळायला हवे होते. पवित्र हृदयाची आमच्याकडील बरीच चित्रे पोंपेओ बातोनी यांनी १७६७ साली रंगविलेल्या आणि रोमच्या जेझू चर्चमध्ये असलेल्या चित्राच्या वळणाची आहेत, ही माहिती एका शिक्षिकेने पुरविली.

एक चित्र मात्र आम्ही लावले नाही. एका घरी साडी नेसलेल्या पवित्र मरियेचे छापील चित्र होते. आंजेलो द फोन्सेका यांचे. १९०२ साली गोव्यात जन्मलेला, शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार पवित्र मरियेला भारतीय रूपात रंगवी म्हणून स्वकीयांच्याच रोषाला पात्र झाला आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. १९६७ साली ते निवर्तले. आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क राहतात, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत. परवानगीवाचून लावणे अयोग्य ठरले असते. तेव्हा ती जागा मोकळी ठेवून केवळ चित्राचे वर्णन लिहिले. आमच्या काटेकोरपणाचा आम्हांला थोडा अभिमानही वाटला.

याच आम्ही एका आजींना मात्र काही विचारले नाही.

त्यांच्या घरच्या पवित्र हृदयाच्या चौकटीत, खालच्या कोपऱ्यात, एका मुलाचा लहानसा फोटो खोचलेला होता. नातवाने छायाचित्र पाठविले, नातवाने होकार दिला. आम्हांला ते इतके आवडले की पहिल्याच पानावर लावले. खाली ओळ लिहिली : 'चौकटीत एका लहान मुलाचे छायाचित्र.' दोनच दिवसांत कुवेतहून, कॅनडाहून नातलगांचे फोन आजींना येऊ लागले. त्यांचा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा असताना बावखलात बुडाला होता. त्याविषयी त्या घरात कुणी बोलत नसे.

आम्ही मास्क लावून अंगणात जाऊन उभे राहिलो. चित्र आजच काढून टाकतो, असे म्हणालो. आजी ओट्यावर बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राहू द्या चित्र. पण 'एका लहान मुलाचं' काय लिहिलंत? त्याला नाव होतं ना."

त्यांनी नाव सांगितले, बाप्तिस्म्याची तारीख सांगितली, कोणता दात पडलेला होता तेही सांगितले. त्या रात्रीच ओळ बदलली. चित्रकाराच्या हक्काचा हिशेब वर्षा-वर्षाने मांडणारे आम्ही; आणि आईला विचारायचे आमच्या ध्यानीमनीही आले नाही. आभाराचे पान लिहायला बसलो की त्या अंगणाची आठवण होई आणि पान तसेच राही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आजी गेल्या. मोजकीच माणसे दफनविधीला जाऊ शकली. आम्ही त्यांत नव्हतो. मुलाचे नाव प्रदर्शनात आहे. या पानावर ते छापू का, असे विचारायला आजी नाहीत. म्हणून लिहीत नाही.

परवा नातवाने त्याच चौकटीचे नवे छायाचित्र पाठविले. न सांगता 'डॉक्युमेंट' म्हणून आले होते आणि काचेवर कसलीही चमक नव्हती. कोपऱ्यात आता मुलाशेजारी आजींचाही फोटो आहे. खालची ओळ त्याने स्वतःच लिहून दिली होती, दोन्ही नावांसह.