तीन मशीन, एक माणूस

शुक्रवारी आमच्या गल्लीतले कारखाने बंद असायचे आणि लहानपणी नेमकी त्याच दुपारी मला झोप लागत नसे. बाकीचे सहा दिवस खालच्या मजल्यावर लूम चालायचे. त्यांच्या खटखटाटातच आम्ही जेवायचो, अभ्यास करायचो, नमाज पढायचो. भिवंडीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

अब्बा जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधून धोटा जातो, फणी ठोकते. मिनिटाला शंभराच्या वर वेळा. कारखान्यात सगळे लूम एकदम चालू असले तरी कोणाचा ठोका चुकतोय ते अब्बा दारातूनच ओळखायचे. चाळीस वर्षांत तेच कान गेले. आता डाव्या कानाने काही ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बसून ओरडून बोलावं लागतं.

मागे एका मित्राने मला एक अल्बम ऐकवला. पहिल्या मिनिटाला मला वाटलं, फोनवर कोणीतरी कारखान्याचा आवाज रेकॉर्ड केलाय. एक ठोका, न थकणारा, न चुकणारा. मग त्यावरून सूर सरकत आले आणि लक्षात आलं, हा तर भैरव!

अल्बमचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वाजवणारे चरणजित सिंग. हे काम परदेशातलं नाही, आपल्या मुंबईतलं, १९८२ सालचं. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार आणि कीबोर्ड वाजवायचे. राहुल देव बर्मन, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत त्यांचे हात आहेत, पण अशा वादकांची नावं श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोचतात. तेव्हा सिनेमात डिस्कोची लाट होती. सगळेच डिस्को करतायत तर आपण काही वेगळं करून पाहू, असं त्यांना वाटलं. तबला बाजूला ठेवायचा, ठेका डिस्कोचा घ्यायचा आणि राग मात्र शुद्ध वाजवायचा.

त्यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती. टीआर-८०८ ठेका धरायचं. टीबी-३०३ खालचे खर्जातले सूर फिरवत राहायचं. ज्युपिटर-८ या कीबोर्डवर ते स्वतः राग वाजवायचे. यंत्रं तारांनी एकमेकांना जोडलेली, त्यामुळे एकाच्या ठोक्यावर दुसरं चालायचं. टीबी-३०३मध्ये एक सोय होती : एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता यायचं. जपानी इंजिनिअरांनी ती बास गिटारची नक्कल म्हणून दिली असेल. आपल्याकडच्या माणसाला त्यात मींड सापडली.

एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. ती फारशी खपली नाही आणि विसरली गेली. टीबी-३०३चंही तेच झालं. हुबेहूब गिटारसारखं वाजत नाही म्हणून कंपनीने दोन-तीन वर्षांत त्याचं उत्पादन थांबवलं आणि ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या कृष्णवर्णीय पोरांनी तेच टाकाऊ यंत्र उचललं आणि १९८७ मध्ये त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं संगीत निघालं. जगभर गाजलं. पुढे २०१० मध्ये एका डच कंपनीने चरणजित सिंगांची रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा ऐकणारे चक्रावले. शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत असा आवाज? काहींना तर ही बनवाबनवीच वाटली. सत्तरीच्या आसपास पोचलेल्या चरणजित सिंगांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

हे वाचताना मला आमच्या कारखान्याचा शेवटचा दिवस आठवत होता. शेठने साधे लूम काढून रेपिअर बसवायचं ठरवलं. जुने लूम तोडून किलोच्या भावाने भंगारात गेले. अब्बा टेम्पो भरेपर्यंत उभे होते. कोणता लूम कधी, कशाने अडायचा, हे फक्त त्यांना ठाऊक होतं. त्या माहितीला भाव नव्हता आणि गेलेल्या कानांचाही हिशेब कोणी केला नाही.

आमच्या घरात गाणं-बजावणं हा तसा वादाचा विषय. थोरले चाचा यायचे तेव्हा अम्मी रेडिओ कपाटात ठेवायची. अब्बा या वादात कधी पडले नाहीत. त्यांना संगीतात रस आहे की नाही, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

एका शुक्रवारी जुम्मा पढून आल्यावर मी स्पीकर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि अल्बम लावला. ऐकू किती येत होतं कोण जाणे. त्यांनी दोन्ही हात स्पीकरवर ठेवले, लूमच्या चौकटीवर ठेवायचे तसे. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “कितने आदमी चला रहे हैं?”

“एक ही, अब्बा.”

“और मशीन?”

मी तीन बोटं दाखवली.

“हो जाता है,” ते म्हणाले. “हमारे यहाँ एक कारीगर छे-छे लूम देखता था.”

वाजवतोय असं नाही, ‘चला रहे हैं’ असं त्यांनी विचारलं होतं. मी दुरुस्त करायला गेलो नाही. सुरांबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. आवडलं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात राग संपला, ठोका थांबला. अब्बांनी हात उचलला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, “बंद क्यों किया?”

मी पुढचा राग लावला.