आराम केला की वाढणारी पाठदुखी

पाठ दुखते म्हटलं की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो, आराम कर. माझा आजार नेमका याच्या उलट वागतो. त्याचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. दोन तास खुर्चीत बसलो की कंबर आखडते, वर्गात फिरत शिकवलं की मोकळी होते. रात्री दुखण्याने जाग येते आणि फजरला उठताना अंग लाकूड झालेलं असतं. गरम पाणी, थोडं चालणं, मग तासाभराने मी माणसात येतो.

हा झिजेचा आजार नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. कण्याचा खालचा भाग कटीच्या हाडांना जुळतो, बहुधा तिथून सूज सुरू होते. पुढे तिथे नवं हाड धरू लागतं आणि काहींचे मणके जुळून कणा बांबूसारखा एकसंध होतो. बरगड्यांचे सांधे आखडले की श्वास पूर्ण भरत नाही. टाचा दुखतात. कधी डोळा अचानक लाल होतो, उजेड सोसत नाही. अशा वेळी लगेच डॉक्टर गाठावा, उशीर नजरेवर बेतू शकतो.

सुरुवात बहुतेकदा वयाच्या ४५ वर्षांच्या आत होते, आणि तिथेच घात होतो. 'जवानीत कसली कंबरदुखी?' हे मी २५व्या वर्षापासून ऐकलं. निदान व्हायला सात वर्षं गेली. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अनेकदा काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये सूज दिसू शकते.

मशिदीत मी खुर्चीवर नमाज पढतो. रुकू, सजदा कधी जमतो, कधी नाही. 'इस उमर में कुर्सी?' असं एखादे चाचा विचारतातच. उभं राहणं जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर, ही सवलत हदीसमध्येच आहे. त्यामुळे खुर्चीची लाज वाटत नाही. चेहरा बघून आजार मोजला जातो, ते मात्र टोचतं.

घरातल्या एखाद्या तरुण मुलाची किंवा मुलीची पाठ तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, सकाळी आखडत असेल आणि हालचालीने बरं वाटत असेल, तर तिला आळस म्हणू नका. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. जुळलेलं हाड परत सुटत नाही. पण वेळेत औषधं आणि रोजचा व्यायाम सुरू झाला, तर बरंचसं आयुष्य ताठ मानेने जगता येतं.