बासी ईद आणि फुलराणी

आमच्या लहानपणी बासी ईदचा बेत ठरलेला असे. उरलेला शीरखुर्मा संपवायचा, ईदचेच कपडे पुन्हा घालायचे आणि नाना पेठेतून स्वारगेटमार्गे पेशवे पार्क गाठायचे. वाघ-सिंह पाहतानाही आम्हा चार भावंडांचे कान असत ते फुलराणीच्या शिट्टीकडे.

सारसबागेलगतचे हे उद्यान पुणे महापालिकेने १९५३ साली सुरू केले. ८ एप्रिल १९५६ रोजी तिथे छोटी आगगाडी धावू लागली. उद्घाटन झाले ते कुणा पुढाऱ्याच्या नव्हे, तर एका लहान मुलीच्या हस्ते. बालकवींच्या कवितेमुळे फुलराणी हे नाव मराठी घरांत आधीच ओळखीचे होते.

महाराष्ट्राला छोट्या गाडीचा लळा तसा जुनाच. नेरळ-माथेरान गाडी १९०७ साली पूर्ण झाली, ती अब्दुल हुसेन पीरभॉय यांच्या जिद्दीने आणि त्यांचे वडील सर आदमजी यांच्या पैशाने. तिच्या दोन रुळांमध्ये अंतर अवघे दोन फूट. पण तिला डोंगर चढायचा असतो. फुलराणीला कुठेच पोहोचायचे नसते. झाडांमधून फेरी मारून ती निघाली तिथेच परत येते. मुलांना तेवढेच हवे असते.

आमच्या अम्मीचा जन्मही १९५६ चाच. ती पुण्यातच वाढली, तरी कधी फुलराणीत बसली नव्हती. अब्बा चारच तिकिटे काढत. अम्मी कुंपणाबाहेर डबे आणि चपला सांभाळत उभी राही आणि गाडी समोरून गेली की आमची डोकी मोजी. तिलाही बसावेसे वाटत असेल, हे आमच्या कधी ध्यानातच आले नाही.

पुढे प्राणी कात्रजच्या संग्रहालयात गेले; फुलराणी मात्र तिथेच राहिली. काही वर्षांपूर्वी बासी ईदला मी माझ्या मुलांना घेऊन गेले, तेव्हा अम्मीचेही तिकीट काढले. "या वयात? लोग क्या कहेंगे?" म्हणत ती बसली. नातीचा हात तिने घट्ट धरला होता. गाडी थांबली तसे सगळे उतरू लागले, ती मात्र बसूनच. म्हणाली, "बस? इतनाच?"

मी पुन्हा तिकिटे काढली.

आपल्याही घरात पिशव्या सांभाळत कुंपणाबाहेर उभे राहणारे कुणी असेल. पुढच्या वेळी एक तिकीट जास्त काढा.